रोजची क्रॉसओव्हर गोव्याच्या आडवाटांसाठी तयार करताना

आठवडाभर म्हापसा–पणजी, रविवारी सत्तरीतले कुळागर (नारळी-पोफळीची बाग), काजूच्या दिवसांत डोंगरावरची बाग, चतुर्थीला मूळ घर. गोव्यात क्रॉसओव्हर घेणाऱ्या पुष्कळांचा वापर असाच असतो. डांबर संपते आणि घर दोन-तीन किलोमीटर पुढे असते, त्या तुकड्यासाठी हा लेख आहे. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, मोनोकॉक बांध्याची (बॉडी आणि चॅसी एकसंध), पेट्रोल किंवा डिझेल, असे धरून लिहिले आहे. शिडीसारखी चॅसी आणि लो-रेंज गिअर (कमी वेगात जास्त जोर देणारा जादा गिअर) असलेली जीप वेगळी, तिचे नियम इथे लावू नयेत.

पैसे कुठल्या क्रमाने खर्च करायचे, हे आधीच सांगतो. पहिल्यांदा टायर आणि हवेचे सामान, मग पोटाखालचे गार्ड, मग गाडी ओढून काढायची सोय. तिथेच थांबावे. दुकानात जे सगळ्यात आधी दाखवतात, म्हणजे उंची वाढवायचे किट, छपरावरचा रॅक, लाइटची पट्टी, ते या कामाला लागत नाही.

आधी वाट कुठली ते ठरवा

गोव्यात डांबराबाहेर गाडी तीन प्रकारच्या जमिनीला भेटते. पहिली जांभ्याची. चिरेखणीकडे जाणाऱ्या वाटा, डोंगरावरचे सडे आणि जुन्या गाडीवाटांवर उघडा पडलेला कातळ. जांभा खणताना मऊ असतो, उन्हावाऱ्यात कडक होतो, आणि त्याच्या तुटक्या कडा टायरच्या बगलेला चाकूसारख्या लागतात. पावसात त्याच कातळावर शेवाळ धरते. तिथे नक्षी कितीही खोल असली तरी चाक घसरते.

दुसरी लाल माती. सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण इथल्या डोंगरपायथ्याच्या वाटा फेब्रुवारी ते मे कडक आणि धुळीच्या असतात. मृगाच्या दोन सरी झाल्या की वरचा बोटभर थर साबणासारखा होतो, खाली मात्र कडक जमीन तशीच असते. या दिवसांत गाड्या रुतत नाहीत, घसरत गटारात जातात. जुलैपर्यंत पाणी मुरले की मग रुतू लागतात.

तिसरी खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीच्या, बांधावरची. बांध पाणी अडवण्यासाठी असतो, गाडीच्या वजनासाठी नव्हे. कडेची माती आतून पोकळ असू शकते, खेकड्यांनी पोखरलेली असते. चार चाकांनी बांधावर जाऊच नये. बांध फुटला तर खारे पाणी शेतात शिरते आणि नुकसान गावाचे होते.

समुद्रकिनारा या यादीत मुद्दामच नाही. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेणे बेकायदा आहे, पोलीस गुन्हा नोंदवतात, आणि भरतीचे पाणी कोणासाठी थांबत नाही. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव किंवा मोले परिसरातल्या अभयारण्यांत वन खात्याच्या परवानगीशिवाय वाट सोडून गाडी घालणेही तसेच. दूधसागरला कुळ्याहून ठरलेल्या जीपच जातात, तिथे आपली गाडी नेण्याचा विचारच नको.

गाडीखाली टॉर्च घेऊन आडवे व्हा

कॅटलॉगमधला ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा असतो. आपल्याला हवा तो चार माणसे, पूर्ण टाकी आणि डिकीत सामान असतानाचा. सपाट फरशीवर गाडी उभी करा, माणसे बसवा आणि मोजपट्टीने पाच ठिकाणची उंची लिहून ठेवा: पुढच्या बंपरची खालची कड, इंजिनाखालचा सगळ्यात खालचा भाग, दारांखालची पट्टी मधोमध, सायलेन्सर, आणि मागचा आडवा बीम. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीत मागच्या बाजूला तीन-चार सेंटिमीटरचा फरक सहज दिसतो.

बंपरखाली लोंबणारी मऊ रबरी-प्लास्टिकची पट्टी मोजताना सोडून द्या, ती घासली तरी फार बिघडत नाही. चेंबर (इंजिनाखालचे तेलाचे भांडे) कुठे आहे ते मात्र नीट पाहून घ्या. त्याचा ड्रेन बोल्ट किती खाली आलाय, चेंबर पत्र्याचे आहे की ॲल्युमिनियमचे? पत्र्याचे चेंबर दगड लागला की आत दबते. ॲल्युमिनियमचे तडकते आणि तेल पाच मिनिटांत जमिनीवर येते. त्यानंतर इंजिन चालू ठेवले तर बेअरिंग जाते. ऑइलचा लाल दिवा लागल्यावर थोडे पुढे जाऊन बघू म्हणणे सगळ्यात महाग पडते.

खाली आहातच तर दोन्ही ॲक्सलचे रबरी बूट हाताने दाबून पाहा. भेगा असतील तर बाकी खर्चाआधी ते बदला. फाटलेल्या बुटातून ग्रीस बाहेर फेकले जाते आणि रिमच्या आतल्या बाजूला काळा चिकट पट्टा दिसतो. त्या वाटेने लाल माती आत जाते. महिन्या-दीड महिन्यात स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना टक-टक आवाज येऊ लागतो. बूट वेळेत बदलला तर किरकोळ काम, उशीर केला तर अख्खा जॉइंट.

टायर: इथे घाई करू नका

बाजारात तीन प्रकार मिळतात. एचटी म्हणजे रस्त्याचे, गाडीबरोबर आलेले. एटी म्हणजे दोन्हीकडचे. एमटी म्हणजे चिखलाचे, मोठ्या ठोकळ्यांचे. एमटी रोजच्या गाडीला घालू नये. डांबरावर आवाज करतात, मायलेज खातात, आणि मुख्य म्हणजे ओल्या रस्त्यावर ब्रेक लांब लागतात. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गोव्यात, महामार्गावर रोज जाणाऱ्या गाडीला हे परवडत नाही. सौम्य नक्षीचे एटी हा योग्य मध्य. वर्षातून चार वेळाच मातीवर जात असाल आणि सध्याच्या टायरची नक्षी पाच मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तर तेही बदलू नका, हवेचे तंत्र शिका.

माप वाचायला शिका. २१५/६० आर१६ म्हणजे टायरची रुंदी २१५ मिलिमीटर, बगलेची उंची रुंदीच्या ६० टक्के म्हणजे १२९ मिलिमीटर, आणि रिम १६ इंच म्हणजे ४०६.४ मिलिमीटर. एकूण व्यास ४०६.४ अधिक दोनदा १२९, म्हणजे ६६४.४. आता २१५/६५ आर१६ घातला तर बगल सुमारे १४० ची होते आणि व्यास ६८५.९. व्यास साडेएकवीस मिलिमीटरने वाढला, पण गाडी त्याच्या निम्मीच उचलली जाते, पावणेअकरा मिलिमीटर. स्पीडोमीटर ३.२ टक्के कमी दाखवू लागतो: काटा ८० वर असताना त्याच्या हिशेबापेक्षा गाडी अडीच किलोमीटरने जास्त वेगात असते. पहिल्या गिअरचा जोरही तेवढाच कमी होतो, आणि आपल्याला चढावर नेमका तोच हवा असतो. म्हणून व्यासातला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा.

याहून चांगली युक्ती मोठी रिम असलेल्यांसाठी आहे. वरच्या व्हेरिएंटमध्ये २१५/६० आर१७ असेल तर १६ इंची रिमवर २१५/६५ आर१६ बसवून पाहा. व्यास ६८९.८ चा ६८५.९ होतो, म्हणजे जवळजवळ तोच. स्पीडोमीटर बिघडत नाही, गिअरचा जोर तसाच राहतो, आणि बगल जवळपास अकरा मिलिमीटरने जाड होते. हीच जाडी जांभ्याच्या कडेवर रिम वाचवते. मात्र छोटी रिम पुढच्या ब्रेक कॅलिपरवरून मोकळी फिरते का, हे एक चाक लावून, हाताने फिरवून पाहिल्याशिवाय चार घेऊ नका. नट होलचे अंतर, मधल्या भोकाचा व्यास आणि ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसते ते माप) मूळ रिमइतकाच हवा. ऑफसेट कमी घेतला की चाक बाहेर येते. दिसते रुबाबदार, पण व्हील बेअरिंगवर भार वाढतो आणि चिखल दारांवर उडतो.

चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर तुमच्या मॉडेलला कंपनीने मान्य केलेली मापे आणि हवा लिहिलेली असते. माप त्यातलेच निवडले तर वॉरंटी, विमा आणि आरटीओ तिन्ही शांत राहतात. लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको: ९५ म्हणजे एका टायरवर ६९० किलो, ९८ म्हणजे ७५०. टायर किती वेग सोसतो ते सांगणाऱ्या अक्षराचेही तसेच. दुकानात बगलेवरचा चार आकडी कोड स्वतः वाचा. १४२५ म्हणजे २०२५ चा चौदावा आठवडा. गोव्याच्या दमट हवेत दोन वर्षे पडून असलेला टायर स्वस्तात देत असले तरी सोडा.

बसवल्यावर घासतो का पाहायची साधी पद्धत: चाकाच्या कमानीतल्या काळ्या लायनरवर खडू फासा, गाडीत चार माणसे बसवा, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि मग पूर्ण उजवीकडे ठेवून एखाद्या स्पीडब्रेकरवरून हळू पुढे-मागे न्या. जिथला खडू पुसला गेला तिथे टायर लागतो. शॉकच्या बाजूला टायर आणि स्प्रिंगची वाटी यांत किमान बोटभर जागा हवी. तिथे घासत असेल तर लायनर कापून भागत नाही, माप चुकले आहे.

स्टेपनी विसरली जाते. पुष्कळ क्रॉसओव्हरमध्ये ती मूळ चाकापेक्षा लहान असते. चारी टायर मोठे केले की फरक आणखी वाढतो. पुढच्या चाकांवर वेगवेगळ्या व्यासाचे टायर असले की डिफरन्शियलला (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरसंचाला) सतत काम पडते आणि ते तापते. म्हणून पुढचा टायर पंक्चर झाला तर आधी मागचे चांगले चाक पुढे आणा आणि स्टेपनी मागे लावा. दोन वेळा जॅक लावावा लागेल, पण पद्धत हीच. सगळ्यात चांगले, पाचवा टायर त्याच मापाचा घ्या.

हवा

हे फुकटचे मॉडिफिकेशन आहे आणि याच्याइतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. रस्त्यावर ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) असलेली हवा मातीवर २५ वर आणली की टायर जमिनीवर लांब पसरतो, दगडावर फुटण्याऐवजी त्याला कवेत घेतो, आणि गाडीतल्यांची कंबरही वाचते. खोल चिखलात २२ पर्यंत उतरता येते. ६० च्या बगलेच्या टायरला त्याखाली नेऊ नका. वळणावर टायर रिमवरून सुटतो, दगडावर रिम आणि जमिनीच्या मध्ये बगल चिरडते.

हवा कमी असताना वेग ४० च्या आत, झटक्याने स्टिअरिंग नको. डांबर लागले की थांबून परत भरा. बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर एका टायरला २५ वरून ३३ वर न्यायला साधारण दोन ते चार मिनिटे घेतो. इंजिन चालू ठेवा, नाहीतर बॅटरी उतरते. दोन टायर झाले की पाच मिनिटे कंप्रेसर थंड होऊ द्या. स्वस्त कंप्रेसर तिसऱ्या टायरला गरम होऊन बंद पडतात. त्यांच्या अंगावरचा काटाही चुकीचा असतो, म्हणून वेगळा गेज घ्या आणि सगळ्या चाकांना तोच वापरा.

पोटाखालचे गार्ड

कंपनीचे खालचे काळे कव्हर पाणी आणि धूळ अडवते, दगड अडवत नाही. त्याजागी धातूचे इंजिन गार्ड बसवायचे. दोन पर्याय आहेत: अडीच ते तीन मिलिमीटर पोलाद किंवा चार ते पाच मिलिमीटर ॲल्युमिनियम. ८० बाय ७० सेंटिमीटरचा तुकडा अडीच मिलिमीटर पोलादात अकरा किलोचा भरतो, चार मिलिमीटर ॲल्युमिनियममध्ये सहा किलोचा. पोलाद दगडावरून घसरते, ॲल्युमिनियम दगडाला थोडे चिकटते आणि ओरखडते, पण गंजून जात नाही. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी, म्हणजे बार्देश, तिसवाडी, मुरगाव, सासष्टीतल्यांनी, ॲल्युमिनियम घ्यावे असे आमचे मत आहे. पोलादच घ्यायचे तर गॅल्व्हनाइझ केलेले घ्या. नुसता काळा स्प्रे मारलेले पहिल्या पावसाळ्यानंतर कडांनी फुगते.

फॅब्रिकेटरकडून बनवून घेत असाल तर या गोष्टी समोर उभे राहून करून घ्या. गार्डचा भार सबफ्रेमवर (इंजिनाखालच्या जाड चौकटीवर) यायला हवा, रेडिएटरच्या पातळ पट्टीवर किंवा प्लास्टिकच्या क्लिपवर नाही. किमान चार जागी, ८.८ ग्रेडचे बोल्ट. एम८ (आठ मिलिमीटरचा) असेल तर २५ न्यूटन-मीटरच्या आसपास कसावा, एम१० ला पन्नासच्या आत. सबफ्रेमचे मूळ बोल्ट सोडवून त्यांतच गार्ड अडकवायला देऊ नका. त्यांचा टॉर्क (कसण्याचा जोर) वेगळा असतो आणि एकदा सोडले की अलाइनमेंट हलते. गार्ड आणि चेंबर यांत किमान दोन सेंटिमीटर मोकळी जागा. पत्रा दबणारच, दबल्यावर तो चेंबरला टेकता कामा नये. ड्रेन बोल्ट आणि ऑइल फिल्टरखाली हात जाईल एवढी भोके हवीत, नाहीतर प्रत्येक सर्व्हिसला गार्ड उतरवावे लागते आणि तिसऱ्या वेळी मेकॅनिक दोन बोल्ट कमी लावून देतो. मागे उतरत्या कडेला वाराभोके आणि पाणी निघायला फटी. पुढची कड वर वळवलेली असावी, सरळ कापलेली कड दगडात नांगरासारखी घुसते.

पुढच्या बंपरच्या आडव्या दांडीला गार्ड वेल्ड करू नये. अपघातात तो भाग चेपला जावा आणि एअरबॅगच्या सेन्सरला वेळेवर कळावे, म्हणून तो तसा बनवलेला असतो.

गोव्यात गार्डचा शत्रू दगडापेक्षा चिखल आहे. लाल माती गार्डच्या वर साठते, वाळते, पुन्हा भिजते. दोन महिन्यांत तिथे दोन-तीन किलोची वीट तयार होते. ती पट्ट्यांच्या पुलींवर घासते, चेंबर थंड होऊ देत नाही आणि ओल धरून ठेवते. वॉशिंग सेंटरवाला खालून पाणी मारतो तेव्हा ती निघत नाही. पाणी वरून, बोनेट उघडून, कमी दाबाने सोडावे लागते, तेही इंजिन थंड असताना आणि फ्यूजबॉक्स, अल्टरनेटर झाकून.

मागे आडव्या बीमला गार्ड लागत नाही. तो स्वतःच जाड आहे. बीमवरून जाणारे ब्रेकचे पाइप आणि एबीएसच्या वायरी मात्र क्लिपमध्ये घट्ट आहेत का ते बघा. लोंबणारी वायर करवंदीच्या जाळीत अडकून तुटते आणि डॅशबोर्डवर तीन दिवे एकदम लागतात.

उंची वाढवण्याचा मोह

स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये घालायचे रबरी किंवा पारदर्शक गोळे बसवू नका. त्यांनी गाडी थोडी वर उठते खरी, पण स्प्रिंगचे एक वेटोळे काम करणे बंद करते आणि बाकीच्यांवर भार जातो. खड्ड्यात धक्का थेट शॉकच्या वरच्या माउंटिंगवर बसतो. तिथले बेअरिंग जाते, कधी स्प्रिंगच तुटते.

शॉकच्या डोक्यावर बसणारे स्पेसर त्यापेक्षा बरे, पण त्यांचीही किंमत मोजावी लागते. शॉक तोच राहतो, पण पूर्ण लटकलेले चाक आधीपेक्षा खाली जाते. ॲक्सलचा कोन वाढतो, आतला जॉइंट आणि बूट लवकर जातात. वीस मिलिमीटरच्या पुढे जाऊच नये. ज्यांनी बसवून घेतलेच आहे, त्यांनी गाडी चारही चाके लटकतील अशी उचलून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवावे. ब्रेकचा रबरी पाइप आणि एबीएसची वायर ताणली जाते का ते पाहावे, व्हील अलाइनमेंट करावे, हेडलाइट खाली सेट करावेत, आणि पाचशे किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा कसावेत.

शॉक पाच-सहा वर्षे जुने असतील तर मागचा भाग आधीच बसलेला असतो. कंपनीचेच नवे स्प्रिंग आणि शॉक घातले की गमावलेली उंची परत मिळते, कसलाही नियम न मोडता. बहुतेकांना हवी असते तेवढी उंची यातच मिळून जाते.

नियमांचे म्हणाल तर मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांचा अर्थ एवढाच की आरसीवरचा, उत्पादकाचा मूळ तपशील मोडेल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. बंपरपुढचे लोखंडी क्रॅशगार्डही त्याच कचाट्यात येतात. चेंबर गार्ड पोटाखाली असते आणि मूळ मापांना हात लावत नाही, तरी विमा कंपनीला मेल करून कळवून ठेवा आणि तो मेल जपा.

ओढून काढायची सोय

डिकीतल्या टूलकिटमध्ये एक लोखंडी कडे असते. ते बंपरवरच्या चौकोनी झाकणामागे पिळून बसवायचे. घरी अंगणात एकदा बसवून पाहा. काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, आणि भर पावसात हे कळणे बरे नाही. हे कडे सरळ रेषेत हळू ओढण्यासाठी आहे. ताणणाऱ्या कायनेटिक दोराने झटका देण्यासाठी ते बनवलेले नाही. झटक्यात ते तुटले तर गोळीसारखे उडते.

डिकीत एवढे ठेवा: न ताणणारा सपाट पट्टा, सहा ते नऊ मीटर, पाच टनांच्या पुढच्या क्षमतेचा, दोन टोकांना शिवलेले डोळे, लोखंडी हुक नको. पट्टा गाडीला जोडायला दोन सॉफ्ट शॅकल (दोरीच्या कड्या) किंवा सव्वातीन टनांचे धातूचे. छोटे फावडे, कोयता, हातमोजे. चाकाखाली घालायचे दोन बोर्ड. आणि एक फूट बाय एक फूट, अठरा मिलिमीटर प्लायचा तुकडा. हा तुकडा सगळ्यात जास्त वापरला जातो. लाल चिखलात जॅक गाडी उचलत नाही, स्वतः जमिनीत जातो.

गाडी रुतली की ॲक्सिलरेटर सोडा. चाक जेवढे फिरेल तेवढे ते आपला खड्डा खोल करते, आणि पोट टेकले की मग माणसांचे काम उरत नाही. त्यानंतर या क्रमाने:

१. सगळ्यांना उतरवा. चार माणसांचे अडीचशे-तीनशे किलो गेले की गाडी कधी कधी लगेच निघते.
२. हवा २२ वर आणा.
३. निघायचे त्या बाजूची पुढच्या चाकांजवळची आणि पोटाखालची माती फावड्याने काढा. तिथे उतार करायचा आहे, पायरी नव्हे.
४. बोर्ड त्याच बाजूने पुढच्या चाकांखाली घट्ट सरकवा. चालक गाडीत बसला की बाकी कोणीही गाडीच्या पुढे-मागे उभे राहू नये, बोर्ड उडतो.
५. आलो त्याच वाटेने, मागे, पहिल्यांदा प्रयत्न करा. मागची जमीन चालून आलेली आहे.
६. नाहीच निघाली तर पट्टा. ओढणारी गाडी सरळ रेषेत, पट्टा हळूहळू ताठ होऊ द्यायचा, त्यावर ओली गोणी किंवा जाड चटई टाकायची, आणि बघ्यांनी पट्ट्याच्या दीडपट लांबीएवढे दूर जायचे.

धातूचे शॅकल वापरत असाल तर पिन पूर्ण कसून पाव फेरा सैल सोडा, नाहीतर ओढल्यावर ती हाताने सुटत नाही.

व्हाळ आणि पाणी

आपल्या इंजिनाला हवा कुठून जाते ते बोनेट उघडून शोधा. बहुतेक क्रॉसओव्हरमध्ये ते तोंड हेडलाइटच्या मागे किंवा ग्रिलच्या वरच्या कडेला असते. स्थिर पाण्याची मर्यादा चाकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे सुमारे ३३ सेंटिमीटर. वाहत्या पाण्यात ती निम्मी धरा. व्हाळाचा (ओढ्याचा) तळ दिसत नसेल तर आधी काठी घेऊन पायी उतरा. पायी जायला भीती वाटते तिथे गाडी नेऊ नये. घाटात पाऊस पडत असेल तर खाली ऊन असले तरी व्हाळ अर्ध्या तासात चढतो. पलीकडे गाडी ठेवून जेवायला बसू नका.

जाताना पहिला गिअर, एकच वेग, मध्ये क्लच नाही. इंजिन पाण्यात बंद पडले तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडा. तो भिजला असेल तर गाडी टोच करायची.

स्नॉर्केल (इंजिनाच्या हवेचे तोंड छपराजवळ नेणारा पाइप) बसवण्यात अर्थ नाही. एअरबॉक्सचे जोड, गिअरबॉक्सचा ब्रीदर (हवा सोडणारी नळी), दारांचे रबर, यांतले काहीच त्या खोलीसाठी सील केलेले नसते.

चढ, उतार आणि गिअरबॉक्स

पुढच्या चाकांवर चालणारी गाडी चढावर कमजोर पडते, कारण वजन मागे सरकते आणि पुढची चाके हलकी होतात. छोट्या, घसरत्या चढावर दोनदा प्रयत्न करूनही चाके फिरत राहिली, तर जागा आणि वाट पाहणारा सोबती असल्यास रिव्हर्समध्ये चढून पाहा. वजन खालच्या बाजूला, म्हणजे आता चालणाऱ्या चाकांवर येते.

चिखलात ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाची ताकद कापते आणि गाडी नेमकी नको तिथे थांबते. बटण असेल तर तेवढ्यापुरते बंद करा, डांबरावर येताच चालू. एएमटी आणि ड्राय क्लचच्या डीसीटीवाल्यांनी (आतला क्लच आपोआप चालवणारे हे गिअरबॉक्स) चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नये. क्लच तापतो, जळका वास येतो, मग गिअरबॉक्स स्वतःला न्यूट्रलमध्ये टाकतो. हँडब्रेकवर थांबा, मग एका दमात निघा. वास आलाच तर वीस मिनिटे बोनेट उघडून थांबा.

दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा पोटाला लागेल असे वाटले तर एक चाक उंचवट्यावर आणि दुसरे कडेवर ठेवून चला.

परत आल्यावर

त्याच दिवशी धुवा. वाळलेली लाल माती दुसऱ्या दिवशी तिप्पट पाणी घेते. कमानींच्या आतल्या कडा, दारांखालची पाणी निघायची भोके, रेडिएटरच्या जाळ्या. रिमच्या आत चिखल राहिला तर ८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरते, आणि लोक विनाकारण बॅलन्सिंग करून येतात. चाके काढली असतील तर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट टॉर्क रेंचने पुन्हा बघा, मॅन्युअलमधल्या आकड्याला. एअर फिल्टर धुळीच्या दिवसांत पाच हजार किलोमीटरला काढून झटका. हवेचा झोत मारायचाच तर आतून बाहेर.

मागे ड्रम ब्रेक असतील तर चिखलाच्या फेरीनंतर ते उघडून साफ करून घ्या. आत गेलेली बारीक माती लायनिंग आणि ड्रम दोन्ही खाते. आणि पावसाळ्यात भिजलेली गाडी दोन-तीन दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनिंग गंजून ड्रमला चिकटते. सपाट जागी, मॅन्युअल असेल तर पहिल्या गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये ठेवा, आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी चिऱ्याचा तुकडा लावा.